मुंबईत नोकरी लागलीय? आधी लाईन ठरवा, मग घर

साताऱ्याहून, जळगावहून, लातूरहून कुणाला मुंबईत नोकरी लागली की पहिला फोन नातेवाइकाला जातो, "दादा, तुमच्या बाजूला एखादी रूम बघून ठेवा ना." दादा विरारला राहतो म्हणून घर विरारला मिळतं आणि नोकरी असते ऐरोलीला. मग सकाळी विरारहून दादर, तिथे पूल ओलांडून सेंट्रलची गाडी, ठाण्याला उतरून पुन्हा दुसरी गाडी. घर चांगलं, शेजार चांगला, भाडंही आवाक्यातलं, तरी वर्षभरात माणूस मेटाकुटीला येतो. मी डोंबिवलीत राहतो. गावाकडून येणाऱ्या नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना घर बघून देताना हे इतक्या वेळा पाहिलंय की, सगळं एकदा नीट क्रमाने लिहून काढावं असं वाटलं. हे भाड्याच्या घराबद्दल आहे. नव्या माणसाने पहिल्या वर्षी विकत घ्यायच्या भानगडीत पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी एक पावसाळा इथे काढा.

पहिली पायरी: नोकरी कुठल्या लाईनवर आहे ते बघा

मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही, ते लाईनमध्ये मोजायचं. वेस्टर्न चर्चगेटहून बोरिवली, वसई, विरारकडे जाते. सेंट्रल सीएसएमटीहून दादर, ठाणे, डोंबिवली करत कल्याणला पोचते आणि तिथे फुटते. एक फाटा टिटवाळा-कसाऱ्याकडे, दुसरा अंबरनाथ-बदलापूर-कर्जतकडे. हार्बर सीएसएमटीहून कुर्ला, वाशी, बेलापूर, पनवेल. चौथी ट्रान्सहार्बर, ठाण्याहून ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे करत वाशी आणि पनवेलकडे.

ऑफिस ज्या लाईनवर, घर त्याच लाईनवर. फार तर एकदाच गाडी बदलायची. ऐरोली-महापेला नोकरी असेल तर ठाणे, कळवा, डोंबिवली चालेल, ठाण्याला एक बदल. ट्रान्सहार्बरच्या गाड्या ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून सुटतात, त्यामुळे पूल चढायची सवय ठेवा. बेलापूर किंवा वाशीला नोकरी असेल तर पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, खारघर बघा. कामोठ्याला त्याच नावाचं स्टेशन नाही. तिथले लोक मानसरोवर किंवा खांदेश्वरला उतरतात. अंधेरी एमआयडीसी किंवा शेजारच्या सीप्झ या निर्यात उद्योगांच्या वसाहतीत जायचं असेल तर सेंट्रलवाल्यांना आता चांगला मार्ग झालाय. घाटकोपरला उतरून मेट्रो एक धरायची, मरोळ नाक्याला बदलून मेट्रो तीन. ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावते, त्यामुळे बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात जाणाऱ्यांचाही एक नवा पर्याय झाला.

"इथून मेट्रो जाणार आहे" हे वाक्य घर दाखवणारा हमखास म्हणतो. जी मेट्रो आज धावत नाही ती हिशोबात धरायची नाही. खांब उभे राहिलेले दिसले तरी नाही. तुमचा करार अकरा महिन्यांचा आहे आणि तेवढ्या काळात त्या खांबांमुळे रस्ता अरुंद होऊन बस अडकेल, एवढंच तुमच्या वाट्याला येतं.

दुसरी पायरी: दारापासून दारापर्यंत किती वेळ लागतो

मोबाईलवर डोंबिवली ते सीएसएमटी फास्ट गाडीला तास-सव्वा तास दाखवतील. ती फक्त गाडीची वेळ. घरातून रिक्षा स्टँड, शेअर रिक्षाची रांग, पूल, प्लॅटफॉर्म, गर्दीमुळे सोडून दिलेली एखादी गाडी, उतरल्यावर ऑफिसपर्यंतची बस किंवा चाल, हे सगळं त्यात मिळवा. एका बाजूला दीड तासाच्या वर जात असेल तर ते घर सोडा, भाडं कितीही कमी असो. दोघंही नोकरी करणारे आणि घरात लहान मूल असेल, तर दोघांपैकी एकाला तरी तासाभरात घरी पोचता आलं पाहिजे. मुलाला ताप आला म्हणून शाळेतून दुपारी फोन येतो, तेव्हा हा हिशोब कळतो.

हे कागदावर ठरत नाही. कामाच्या दिवशी सकाळी आठ-सव्वाआठला त्या स्टेशनवरून स्वतः गाडी पकडा आणि संध्याकाळी सहा-सातच्या गर्दीत परत या. रविवारी घर बघायला गेलात तर प्रवासाचं काहीच कळत नाही. रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, गाड्या कमी असतात, आणि गर्दीचा चेहराच वेगळा असतो.

डोंबिवलीची सकाळ जवळून सांगतो. बदलापूरहून येणारी फास्ट गाडी डोंबिवलीला येते ती दारापर्यंत भरलेली. प्लॅटफॉर्मवर लेडीज डबा थांबतो त्या जागी बायका आधीपासून तीन-चार रांगांत उभ्या असतात, बॅग पाठीवरून काढून पोटाशी घेतलेली, ओढणी खोचलेली. गाडी थांबायच्या आधी हालचाल सुरू होते आणि काही सेकंदांत संपते. जी आत गेली ती गेली, बाकीच्या पुढच्या गाडीला. म्हणून पुष्कळ लोक डाउन करतात, म्हणजे उलट दिशेच्या गाडीने कल्याणला जाऊन तिथून बसून येतात. वेळ जास्त जातो, पण जीव सुरक्षित राहतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि काहींचे जीव गेले. दारात लटकून जायची वेळ येणार नाही असं घर बघणं हाही सुरक्षिततेचाच भाग आहे, आणि घर बघताना नेमका तोच राहून जातो.

यातून एक साधी युक्ती निघते: जिथून गाड्या सुटतात ते स्टेशन धरा. ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, वेस्टर्नला बोरिवली आणि विरार, हार्बरला बेलापूर आणि पनवेल. तिथून सुटणाऱ्या गाडीची वेळ पाठ करून थोडं आधी पोचलात तर बसायला मिळण्याची बरी शक्यता असते. पनवेलहून सीएसएमटीला सगळी स्टेशनं घेत सव्वा-दीड तास लागतो, पण बसून गेलेला सव्वा तास आणि उभं राहून, चेपून गेलेला पाऊण तास यांत मी बसून जाणं निवडेन. उलट कर्जत-कसाऱ्याच्या फाट्यावर कल्याणच्या पुढे गाड्या कमी होत जातात. एक चुकली की बराच वेळ थांबावं लागतं. नोकरी पाळ्यांची असेल तर शेवटची गाडी किती वाजता आहे ते विचारल्याशिवाय तिकडचं घर घेऊ नका.

स्टेशनपासून लांबच्या मोठ्या वसाहतींबद्दल दोन शब्द. कल्याण-शीळ रस्ता असो की ठाण्याचा घोडबंदर रोड, तिथे बाग असते, तरणतलाव असतो, गेटवर वॉचमन असतो, घरही मोठं मिळतं. पण स्टेशनपर्यंतचा प्रवास सगळा रस्त्यावरचा आणि तो रस्ता सकाळ-संध्याकाळ तुंबतो. नोकरी घरून करायची असेल तर जरूर घ्या. रोज लोकल पकडायची असेल तर स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चालत असलेला जुना वन बीएचके बरा.

तिसरी पायरी: भाडं सोडून बाकीचा खर्च

ठाण्यात जेवढ्या भाड्यात वन बीएचके मिळतो, त्याच्या साधारण निम्म्यात बदलापूरला मिळतो. हा फरक मोठा आहे, पण तो पूर्ण खिशात राहत नाही. समजा शेअर रिक्षाला माणशी पंधरा रुपये पडतात. दोघांचं जाणं-येणं रोजचे साठ, महिन्याच्या पंचवीस दिवसांचे दीड हजार. त्यावर स्कूल बस, पाणी विकत घ्यावं लागलं तर ते, आणि उशीर झाला की बाहेरचं खाणं. लोकलचा पास मात्र स्वस्त आहे, तिमाही काढला तर आणखी परवडतो. भाडं आणि हे सगळे खर्च मिळून दोघांच्या हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शात बसले पाहिजेत.

सुरुवातीला एकरकमी किती लागतील तेही धरा. डिपॉझिट, दलालाची एक महिन्याच्या भाड्याइतकी दलाली, पहिल्या महिन्याचं भाडं, कराराचा खर्च आणि टेम्पो. म्हणजे पाच-सहा महिन्यांच्या भाड्याइतके पैसे हाताशी हवेत. ते नसतील तर आधी एकट्याने या, महिना-दोन महिने पीजीत किंवा नातेवाइकाकडे काढा, आणि कुटुंब शाळेच्या सुट्टीत आणा. मे महिन्यात सगळेच घर बदलतात, म्हणून घर मार्च-एप्रिलमध्येच हेरून ठेवा.

चौथी पायरी: इमारत

घराचा रंग, टाईल्स, मॉड्युलर किचन यांकडे नंतर बघा. आधी जिन्याखाली जा. तिथे मीटरची पेटी असते. वायरी कशा लोंबताहेत, पेटीवर पाण्याची रेघ उमटलीय का, खांबांचं प्लास्टर सुटून आतली सळई दिसतेय का, ते बघा. मग गच्चीवर जा. टाक्यांना झाकणं आहेत का, गच्चीच्या दाराला कुलूप असतं का. घरात बाथरूमच्या भिंतीची मागची बाजू हाताने चाचपा. ताजा रंग फक्त एकाच कोपऱ्यात मारलेला दिसला तर त्याखाली ओल आहे असं समजा.

इमारत तीस वर्षांच्या वरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का ते सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. पालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढतात. त्यात सी-वन म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. त्या यादीत नाव असलेल्या इमारतीत स्वस्तात घर मिळत असेल तर ते का स्वस्त आहे हे सांगायला नको.

दुसरा धोका नव्या इमारतींचा. डोंबिवली-कल्याण परिसरात ६५ इमारती खोट्या परवानग्यांवर उभ्या राहिल्याचं उघड झालं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. त्यांना त्याच खोट्या कागदांवर महारेराचे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचे, नंबरही मिळाले होते. पुढे २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपाऱ्यात ४१ अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या. अशा वेळी भाडेकरूलाही सामान घेऊन रस्त्यावर यावं लागतं आणि डिपॉझिट परत देणाऱ्या मालकाचं स्वतःचंच घर गेलेलं असतं. म्हणून भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात, आहे का हे विचारा. सोसायटी नोंदलेली आहे का बघा. मालमत्ता कराची पावती मागा. तिच्यावर शास्ती असा शब्द दिसला तर बांधकाम अनधिकृत धरून दंड लावलेला असतो. कर भरला म्हणजे इमारत कायदेशीर झाली असं होत नाही.

डोंबिवलीत बघत असाल तर एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांच्या लगतच्या गल्ल्या टाळा. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४, दोन्ही वेळा तिथे मोठे स्फोट झाले, माणसं दगावली आणि आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या. तळोजा बाजूलाही रात्री उशिरा एक चक्कर मारा, नाकाला काय कळतं ते बघा.

पाचवी पायरी: पाणी, वरचं आणि नळाचं

पावसाचं पाणी कुठवर येतं ते दलाल सांगणार नाही, कोपऱ्यावरचा वाणी सांगेल. "दुकानात पाणी शिरलं होतं का हो?" एवढंच विचारा. तो फळीकडे बोट दाखवून उंची सांगतो. २६ जुलै २००५ चा पूर सगळ्यांनाच आठवतो, पण उल्हास नदीकाठी २०१९ ची जुलैही विचारा. त्या वर्षी बदलापूर-वांगणी भागात पाणी भरलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली होती. वालधुनी नदीच्या, खाडीच्या किंवा मोठ्या नाल्याच्या कडेला तळमजला घेऊ नका. पहिला मजला घ्या, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

नळाचं पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, पालिकेचं की बोअरचं, उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कोण देतं, हे शेजारणीला विचारा. मालकाचं उत्तर नेहमी "पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही" असंच असतं. एप्रिल-मेमध्ये घर बघणाऱ्याला एक फायदा होतो, पाण्याची खरी परिस्थिती डोळ्यांनी दिसते.

सहावी पायरी: रात्री साडेनऊला स्टेशनवरून चालत या

घरातली बाई किंवा मोठी मुलगी उशिरा परतणार असेल तर हा रस्ता तिने स्वतः चालून बघितला पाहिजे, आणि निर्णय तिचा असला पाहिजे. दिवे आहेत का, दुकानं किती वाजेपर्यंत उघडी असतात, शेअर रिक्षा कधी बंद होते, वाटेत रिकामा प्लॉट किंवा दारूचं दुकान आहे का. स्टेशनच्या पूर्वेला राहायचं आणि बाजार, शाळा पश्चिमेला, असं असेल तर रोज पूल ओलांडावा लागतो, तेही ध्यानात घ्या. जिन्यात दिवा, खिडक्यांना ग्रिल, लहान मुलं असतील तर गॅलरीची उंची. शाळा चालत जाण्याइतकी जवळ मिळाली तर रोजची निम्मी धावपळ वाचते.

सातवी पायरी: दलाल आणि ठग

चांगला दलाल वेळ वाचवतो, त्याची दलाली द्यायला हरकत नाही. पण घर दाखवण्याआधी कुणी व्हिजिटचे पैसे मागितले तर देऊ नका. घर न बघता टोकन पाठवू नका. "मी लष्करात आहे, अचानक बदली झाली, चावी वॉचमनकडे आहे, हा क्यूआर कोड स्कॅन करा" हा फोन कितीही सभ्य वाटला तरी ठेवून द्या.

मालक खराच मालक आहे का हे बघायला इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), लाईट बिल आणि सोसायटीची मेंटेनन्सची पावती मागा. तिन्हींवरचं नाव आधारकार्डाशी जुळलं पाहिजे. दारावर बँकेची नोटीस चिकटवलेली नाही ना ते बघा. हेवी डिपॉझिट, म्हणजे भाडं नाही, फक्त काही लाख ठेवायचे आणि सोडताना परत घ्यायचे, हा प्रकार नव्या माणसाने करू नये. ते पैसे बहुतेकदा दुसरीकडे गुंतलेले असतात, आणि मधला माणूस पसार झाला तर हातात काही राहत नाही.

जात, धर्म, खाणं यांवरून नकार देणारी घरं भेटतील. वाईट वाटतं, वाटायलाच हवं. फोनवरच स्पष्ट विचारून घ्या म्हणजे मुलांना घेऊन हेलपाटा पडणार नाही. आदर्श उपविधींनुसार भाडेकरू ठेवताना सभासदाने सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते, हे तुमच्या मालकाला ठाऊक असू द्या.

आठवी पायरी: करार नोंदवूनच घ्या

"अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी करू" असं पुष्कळ मालक म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास शिक्षा त्याला होते, शिवाय अटींवरून वाद झाला तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. खर्चही फार नाही. भाडं १५ हजार, डिपॉझिट ६० हजार, मुदत अकरा महिने असेल तर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क पाचशेच्या आत येतं, आणि पालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार. वर थोडं हाताळणी शुल्क आणि घरी येऊन अंगठा घेणाऱ्याची फी. सगळं ऑनलाईन होतं. मुलाला आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांतून प्रवेश हवा असेल आणि पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा असेल, तर तो नोंदणीकृतच लागतो, तेव्हा त्या हजार रुपयांवर काटकसर नको.

करारात वाचायच्या जागा: लॉक-इन, म्हणजे घर सोडता येणार नाही असा काळ, किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कापणार का, दरवर्षी वाढ किती टक्के, मेंटेनन्स कोण भरणार. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही आणि ते मालकाने भरायचं असतं. मुदत संपूनही राहिलात तर कायद्याने दुप्पट भाडं लागू शकतं, म्हणून नूतनीकरणाचं बोलणं दोन महिने आधी काढा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकाने द्यायची असते. दिल्याची पावती मागून घ्या.

डिपॉझिट आणि भाडं नेहमी बँकेतून द्या, मालकाच्याच खात्यावर, दलालाच्या नाही.

चावी हातात आली की सामान आत नेण्याआधी मोबाईलवर सगळ्या घराचा व्हिडिओ करा. भिंतीतल्या भेगा, फुटलेली टाईल, गळणारा नळ, पंखे चालू करून, गिझर लावून. लाईट मीटर आणि पाईप गॅस असेल तर त्याच्या मीटरचा आकडा दिसेल असे फोटो काढा, मागची बिलं भरलेली आहेत का बघा, आणि हे सगळं त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. दाराचं कुलूप बदलायची परवानगीही त्याच मेसेजमध्ये मागा. आधीच्या भाडेकरूकडे चावी राहिली असेल की नाही, कुणालाच ठाऊक नसतं.